यशवंतनगर की सोमाटण्याकडची टाऊनशिप? तळेगावात दोन्हीकडे भाड्याने राहून झालं म्हणून लिहितेय

पुण्याजवळ तळेगाव दाभाडेला घर बघतोय म्हटलं की ब्रोकरचा पहिला प्रश्न ठरलेला, स्टेशन साईड की हायवे साईड? आम्हाला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. चिंचवडला चौदा वर्षं चौथ्या मजल्यावर राहिलो होतो, समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या, त्यामुळे डोक्यात एवढंच होतं की मोकळी हवा हवी, डोंगर दिसला पाहिजे आणि बाल्कनीत दोन खुर्च्या टाकून चहा पिता आला पाहिजे. घरात चार माणसं. मिस्टर चाकण एमआयडीसीत, माझं ऑफिस शिवाजीनगरला आठवड्यातून तीन दिवस, मुलगा शाळेत आणि सासूबाई, वय ७६, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. हे आधीच सांगतेय कारण तुमच्या घरात माणसं वेगळी असतील तर माझा रिव्ह्यू उलटा करून वाचा, चालेल.

जून २०२३ ते एप्रिल २०२५ आम्ही सोमाटणे फाट्यावरून आत गेलं की लागणाऱ्या एका गेटेड टाऊनशिपमध्ये राहिलो, दोन वेळा अकरा-अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करून. नाव घेत नाही, त्या पट्ट्यात तशा बऱ्याच आहेत आणि ब्रोशरमध्ये सगळ्या सारख्याच दिसतात. मग तिथून उठलो आणि स्टेशनजवळ यशवंतनगरला एका बंगल्याचा वरचा मजला भाड्याने घेतला, तिथे अजून आहोत. दोन्ही भाग तळेगावात पॉश म्हणूनच धरले जातात, दोन्हीकडचे लोक एकमेकांना मनातल्या मनात नावं ठेवतात. अंतर म्हणाल तर चार-पाच किलोमीटर. पण त्या चार-पाच किलोमीटरमध्ये जुना मुंबई-पुणे हायवे येतो ना, तिथेच सगळी गोम आहे.

आधी टाऊनशिपचं. पहिले तीन महिने आम्ही अक्षरशः हवेत होतो. पावसाळा नुकताच लागलेला, समोर भातखाचरं, त्यामागे डोंगर, ढग पार खाली उतरलेले, सकाळी मोर ओरडायचे. नातेवाईक यायचे, बाल्कनीत उभे राहून फोटो काढायचे, आणि जाताना "आम्हालाही बघा हो इकडे काहीतरी" म्हणून जायचे. आतले रस्ते गुळगुळीत, दिवे सगळे लागणारे, लाईट गेली की दहा सेकंदात जनरेटर, मुलाला बॅडमिंटन कोर्ट. गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते तेव्हा सुद्धा लिफ्ट बंद पडली नाही कधी. हे सगळं खरंच चांगलं होतं आणि त्याबद्दल तक्रार नाही. ज्याला आत राहायचंय त्याला ती जागा उत्तम.

प्रॉब्लेम गेटच्या बाहेर पडलं की सुरू व्हायचा. गेटपासून फाट्यापर्यंत दीड किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता खडीचा, फूटपाथ नाही, बाजूने वाळूचे डंपर, आणि संध्याकाळी सातनंतर कुत्र्यांचं राज्य. म्हणजे कोथिंबीर संपली तरी गाडी काढायची. मला वाटायचं मी शहर सोडून गावात आलेय आणि गावात माणूस चालतं, पण मी आयुष्यात सगळ्यात कमी चालले असं कुठलं वर्ष असेल तर ते तिथलं पहिलं वर्ष. सासूबाईंचं तर विचारू नका, एकदा सलग बावीस दिवस त्या गेटच्या बाहेर पडल्या नव्हत्या, मी कॅलेंडरवर मोजले. क्लबहाऊसमध्ये ज्येष्ठ नागरिक कट्टा आहे असं ब्रोशरमध्ये होतं, कट्टा होताही, ज्येष्ठ नागरिक नव्हते. कारण आमच्या विंगमधली निम्मी घरं बंद. मालक मुंबईचे, शनिवारी येणार, म्युझिक लावणार, स्विमिंग पूलवर गर्दी करणार आणि रविवारी संध्याकाळी परत. सोमवार ते शुक्रवार एवढी शांतता की लिफ्टमध्ये कोणी भेटलं तर दचकायला व्हायचं.

दूधवाल्याची गंमत सांगते. गेटवर ॲप होतं, येणाऱ्या प्रत्येकाला आपण फोनवर ओके द्यायचं. पहाटे साडेपाचला दूधवाला गेटवर, ॲप वाजणार, मी झोपेत नकार दाबणार, मग तो बिचारा फोन करणार, मग वॉचमन फोन करणार. शेवटी दूध गेटवरच ठेवायला लागला आणि आम्ही जाऊन आणायला लागलो. शेजारच्या गावातून कामाला येणाऱ्या मावशी पावसात छत्री घेऊन चालत यायच्या, आणि जाताना गेटवर त्यांची पिशवी उघडून बघायचे. मी मीटिंगमध्ये दोनदा बोलले यावर. "मॅडम, सगळ्यांच्या सेफ्टीसाठी आहे" एवढंच उत्तर. मावशींच्या पिशवीत काय असायचं, तर मीच दिलेली पोळी-भाजी.

पाण्याबद्दल नीट वाचा, इथेच लोक फसतात. सोमाटणे, शिरगाव हा सगळा पट्टा ग्रामपंचायतींचा, वर प्लॅन पास करायला पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. मोठ्या सोसायट्यांचं पाणी बऱ्याच ठिकाणी बोअरवेल आणि टँकरवर चालतं. बघायला आपण जातो पावसाळ्यात नाहीतर दिवाळीत, तेव्हा सगळं हिरवंगार, विहीर भरलेली, सेल्सवाला म्हणतो चोवीस तास पाणी. एप्रिलमध्ये जा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये रोज टँकरची रांग लागायची आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये वेगळी ओळ टाकून यायचा, भाडेकरू म्हणून आम्हाला तो मालकाने हळूच आमच्यावर ढकलला, ॲग्रीमेंटमध्ये "इतर चार्जेस" असा शब्द होता म्हणे. त्यामुळे घर विकत घ्या नाहीतर भाड्याने, सोसायटीच्या ऑफिसात जाऊन मागच्या मे महिन्याचं टँकरचं बिल मागा. देत नसतील तर त्यातच उत्तर आलं.

आणि आवाज. एक्स्प्रेसवे लांबून दिसायला छान वाटतो, रात्री दिव्यांची माळ. पण तो झोपत नाही. रात्री दोन वाजता सुद्धा एक सलग घूंऽऽ असा आवाज, पावसात तर टायरचा चर्रर्र आवाज अजून वाढतो. पुण्यात हॉर्न असतात, ते थांबतात तरी.

आता ट्रॅफिक. जुन्या हायवेवर सोमाटण्याचा टोलनाका आहे, पुढे लोणावळ्याच्या अलीकडे वरसोलीचा, दोघांत नियमाप्रमाणे हवं तेवढं साठ किलोमीटर अंतर नाही म्हणून इथल्या लोकांनी २०२३ मध्ये मोठं आंदोलन केलं होतं, आम्ही राहायला येण्याच्या थोडं आधी. आणि त्याच पट्ट्यात प्रतिशिर्डी, शिरगावचं साईबाबांचं मंदिर, म्हणजे गुरुवारी फाट्यावर गाड्याच गाड्या. शिवाय वरती बिर्ला गणपती, सुट्टीच्या दिवशी तिकडची गर्दी. हे कमी म्हणून गहुंज्याचं क्रिकेट स्टेडियम. १९ ऑक्टोबर २०२३, वर्ल्डकपची भारत-बांगलादेश मॅच, आणि वार कुठला तर गुरुवार! सासूबाईंना गुडघा दाखवायला चिंचवडला नेलं होतं, दुपारी परत येताना देहूरोडच्या पुढे जे अडकलो ते दोन तास. निळ्या जर्सीतली पोरं गाड्यांमधून वाट काढत पळत होती, एकाने आमच्या गाडीच्या काचेवर टकटक करून विचारलं, "आजी, मॅचला का?" सासूबाई म्हणाल्या, हो रे, ओपनिंगला आहे. भारत जिंकला, कोहलीची सेंच्युरी झाली, आम्ही ती घरी टीव्हीवर बघितली, स्टेडियम जवळ असून.

एक गोष्ट मात्र मला तिथली अजून आठवते आणि घशात येतं काहीतरी. समोरची भातखाचरं. मावळातला इंद्रायणी तांदूळ, हा वाण आपल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रातला, १९८७ चा. दसऱ्याच्या आसपास तो पिकायला लागला की संध्याकाळी बाल्कनीत वास यायचा, शिजलेल्या भातासारखाच, थोडा कच्चा. समोरच्याच शेतकऱ्याकडून आम्ही वर्षाचा तांदूळ घेतला होता. दुसऱ्या वर्षी जानेवारीत तिथे पत्र्याचं कुंपण आणि बोर्ड, "एनए बंगलो प्लॉट्स, बुकिंग चालू". आपण व्ह्यूचे जे जास्तीचे पैसे देतो ना, तो व्ह्यू दुसऱ्याच्या सात-बाऱ्यावर असतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं. आणि त्या शेतकऱ्याला तरी काय बोलणार, आमची टाऊनशिपसुद्धा कोणाच्या तरी खाचरावरच उभी होती.

आता यशवंतनगर. इथे पहिल्या दिवशी मला काहीच आवडलं नव्हतं, खरं सांगते. गल्ल्या अरुंद, गाडी लावायला जागा नाही, बंगले जुने, आमच्या बेडरूमच्या भिंतीला ओल, पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना बुरशीचा वास, स्टेशन जवळ म्हणजे रात्री मालगाडीचा आवाज आलाच. जनरेटर नाही, लाईट गेली की मेणबत्ती नाहीतर इन्व्हर्टर. पाणी ठराविक वेळेला येणार, टाकी भरायची, मोटर बंद करायला विसरलात तर जिन्यावरून धबधबा. मुलगा म्हणाला, "आई आपण मागे आलोय का?" पण इथे नगरपरिषद आहे, नळाला नदीचं पाणी आहे, आणि वर्षभरात आम्ही एकदाही टँकर मागवलेला नाही.

मग आठवडाभरात काय झालं सांगते. संध्याकाळी ऑफिसमधून आले तर सासूबाई घरात नाहीत. फोन घरातच. मी घाबरून खाली उतरले तर त्या कोपऱ्यावरून येतायत, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिठाचा डबा. गिरणीत गेल्या होत्या, एकट्या! तिथे त्यांना त्यांच्या माहेरच्या गावाकडच्या एक बाई भेटल्या, दोघींनी अर्धा तास गप्पा मारल्या, मग पुढे जाऊन ब्लाऊज शिवायला टाकला, मेडिकलमधून गोळ्या घेतल्या. बावीस दिवस गेटच्या आत बसलेली हीच बाई. आता तर रविवारचा बाजार म्हणजे त्यांचा सण असतो, सकाळी नऊला तयार, गाडी नको म्हणतात, येताना फक्त रिक्षा. मेथीची जुडी दोन रुपये कमी करून आणली की दिवसभर तेच.

माझ्यासाठी लोकल. स्टेशनला चालत दहा मिनिटं, शिवाजीनगरला उतरायचं, साधारण तासाभराचा प्रवास, आणि बसायला जागा मिळाली तर डबल फायदा, माझं ऑफिसचं अर्धं काम गाडीत होतं. महिन्याचा पास आणि आधीचा पेट्रोलचा खर्च यांची तुलना करायलाच नको, लाज वाटते. पण एक आहे, दुपारी गाड्या फार विरळ, हाफ डे घेतला की प्लॅटफॉर्मवर बसून राहायचं, आणि मध्येच काही बिघाड झाला की देहूरोड नाहीतर बेगडेवाडीला गाडी उभी. टाऊनशिपमध्ये असतानाही लोकल होतीच की, म्हणाल. होती. पण स्टेशनपर्यंत यायला हायवे क्रॉस करून, गाडी चालवत, मग पार्किंग शोधत, त्यापेक्षा तशीच पुण्याला जाऊ म्हणून मी दोन वर्षं गाडीनेच गेले, निगडीपर्यंत शिव्या देत.

मिस्टरांना दोन्हीकडून सारखंच. तळेगाव-चाकण रस्ता म्हणजे कंटेनरची मिरवणूक, रुंदीकरणाचं वर्षानुवर्षं ऐकतोय, सकाळी सातच्या आत निघालं तर ठीक, साडेसात झाले की राम राम म्हणा. यशवंतनगरवरून निघालं तर हायवे ओलांडावा लागत नाही एवढाच फरक, त्यांच्या मते पंधरा मिनिटांचा.

दवाखान्याचं दोन्ही बाजूंना बरं आहे, तळेगाव या बाबतीत आसपासच्या गावांपेक्षा पुष्कळ पुढे आहे, तळेगाव जनरल आहे, मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे. फक्त रात्री अकराला ताप आला तर इथे डॉक्टर चालत अंतरावर, तिकडे आधी गेटवर गाडीचा नंबर सांगा.

आणि थोडं कौतुक करू द्या गावाचं, इथे राहायला लागल्यावर कळलं. सोमाटण्याला असताना मी तळेगाव म्हणजे फक्त "एक्स्प्रेसवेची एक्झिट" एवढंच समजत होते. मराठ्यांचे सरसेनापती दाभाडे यांचं गाव, त्याच घराण्यातल्या उमाबाईंचं गाव, पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ पासूनचा, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभा केलेला. मुलाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही जुन्या गावात हिंडलो, बनेश्वरच्या मंदिरात गेलो, दाभाड्यांच्या समाध्या बघितल्या. तो पहिल्यांदा म्हणाला की आपल्या गावात. आधी "आपल्या सोसायटीत" म्हणायचा.

वाईट काय ते पण लिहिते नाहीतर म्हणाल पैसे घेतले. गणपतीत आणि शिवजयंतीला स्पीकर, पार खिडकीच्या काचा थरथरेपर्यंत. मुलांना खेळायला जागा नाही, मुलगा बॅडमिंटनला मुकला तो मुकलाच, त्याचं आजही या विषयावर माझ्याशी जमत नाही. आणि सगळ्यात मोठं, यशवंतनगर जे आपल्याला आवडतं ते हळूहळू संपतंय. आमच्याच गल्लीत एका वर्षात दोन बंगले पडले. आंब्याचं झाड, चाफा, झोपाळा, सगळं गेलं आणि तिथे खाली पार्किंग वर मजले. रस्ता तेवढाच, गाड्या चौपट. म्हणजे व्ह्यू इथेही दुसऱ्याच्याच नावावर आहे, फक्त सात-बाऱ्याऐवजी प्रॉपर्टी कार्डावर.

भावाबद्दल. मी आकडे टाकणार नाही, दर सहा महिन्यांनी बदलतात आणि निम्मे ब्रोकरने तोंडाला येईल ते सांगितलेले असतात. आम्ही पहिल्यांदा बघायला लागलो तेव्हा सगळ्यांच्या तोंडी तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांता-फॉक्सकॉनचा चिप कारखाना, "मॅडम, फॉक्सकॉन आलं की डबल". २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तो गुजरातला गेला. महिनाभर ब्रोकर गप्प. मग ऑगस्ट २०२३ ला जनरल मोटर्सचा इथला बंद पडलेला प्लांट ह्युंदाईने घ्यायचा करार केला, की त्याच ब्रोकरचा त्याच फ्लॅटसाठी फोन, "मॅडम, ह्युंदाई आलं की डबल". फ्लॅट तोच, गिऱ्हाईकही तेच. कारखाना येवो न येवो, आपल्याला त्या घरात राहायचंय की विकायचंय ते आधी ठरवा.

कागदांच्या बाबतीत मात्र टाऊनशिप सोपी पडते, हे मान्य. महारेरावर नंबर टाकला की प्रोजेक्ट दिसतो, बँक पटकन लोन देते. फक्त क्लबहाऊस, गार्डन, शाळा यातलं काय आत्ताच्या फेजमध्ये आहे आणि काय "पुढच्या फेजमध्ये", ते ॲग्रीमेंटमध्ये शोधा, सॅम्पल फ्लॅटच्या भिंतीवरचं चित्र धरू नका. यशवंतनगरला जुना बंगला घ्यायचा म्हणजे दुसरीच कथा. आम्ही एक बघितला, प्रेमात पडलो, विहीर सुद्धा होती मागे. वकिलाने तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी, काढायला घेतला तर वारस पाच, त्यातला एक अमेरिकेत, एका बहिणीचं दुसऱ्या भावाशी बोलणं नाही. बँकेच्या व्हॅल्युअरने जुन्या बांधकामाची किंमत एवढी कमी लावली की लोन बसेना. दोन महिने घालवले, मग हात जोडले. ज्यांच्याकडे रोख आणि पेशन्स दोन्ही आहे त्यांनी यात पडावं. हो, आणि घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, हे ब्रोकर आपणहून सांगत नाहीत, मी सांगते. मिस्टरांना पण सांगितलंय.

रेटिंगच द्यायचं तर टाऊनशिपला पाचपैकी तीन, त्यातला एक पूर्ण त्या भाताच्या वासाचा, जो आता नाही. यशवंतनगरला चार. तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल किंवा कोणी एकजण रोज पुण्याला जात असेल तर स्टेशन साईड, यात मला काही शंका नाही. दोघंही वर्क फ्रॉम होम, दोन गाड्या, मुलं लहान आणि पोहायला वेडी, तर टाऊनशिपमध्ये तुम्ही खूष राहाल, खरंच. फक्त शनिवार-रविवारी न जाता एखाद्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातला जा आणि किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजा.

आम्ही शेवटी बंगल्याचा नाद सोडला आणि इथल्याच एका बारा फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावरचं घर बघून ठेवलंय, लिफ्ट आहे, डोंगर दिसत नाही, समोर कोणाचा तरी शेवगा दिसतो. सासूबाईंनी घर आतून बघितलंच नाही, बिल्डिंगपासून गिरणीपर्यंत पावलं मोजत चालत गेल्या आणि परत आल्या. टोकन पुढच्या महिन्यात. तोवर कोणाला सोमाटण्याच्या बाजूला थ्री बीएचके भाड्याने हवा असेल तर आमचा जुना मालक अजून भाडेकरू शोधतोय, फ्लॅट स्वच्छ आहे, माणूसही तसा बरा आहे, फक्त ॲग्रीमेंटमधला "इतर चार्जेस" हा शब्द खोडून घ्या.